नाकवाल्यांच्या घरी वास

दगडावर काय कोरायचं यावरून घर सकाळपासून भांडत होतं, आणि दगड अजून खाणीतून निघालाही नव्हता.

"'गावाला रोगमुक्त करणारे,'" प्रोफेसर म्हणाले. "एवढं पुरे. खाली जन्म-मृत्यूची सालं."

"त्यातून काय कळतं?" मधले म्हणाले. "'भुयारी गटाराचे जनक' असं लिही. माणसाने काय केलं ते समजलं पाहिजे."

"दादा, पुतळ्याखाली गटार हा शब्द?"

"मग पुतळा कशाचाय? गटाराचाच ना?"

थोरली खिडकीजवळ बसून गवार मोडत होती. दोघे दीर भांडायला लागले की हातात काहीतरी काम घेऊन बसावं, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकली होती. नवरा गेल्यावर त्याच्या वाटणीचं भांडण तिच्याकडे आलं नाही. फक्त त्याची सही आली. नदीच्या वळणावरच्या घराण्याच्या मोकळ्या जागेला तीन सह्या लागत होत्या. मधल्यांची, प्रोफेसरांची आणि तिची. त्या जागेवर नगरपालिका मामंजींच्या, म्हणजे नानांच्या, नावाने बाग करणार होती. मध्ये पुतळा, भोवती कारंजं, आणि हा दगड. दुपारी नगराध्यक्ष स्वतः सह्या घ्यायला येणार होते.

पालिकेचा इंजिनियर मागच्या महिन्यात येऊन गेला होता, त्याचं म्हणणं वेगळं. मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र बांधायचं तर गावात तेवढी एकच जागा बसते, असं तो म्हणाला. तिथे बाग झाली तर मैला आज जातो तसाच नदीत जाणार, फक्त पाइप मोठा टाकू. मधल्यांनी त्याला चहा पाजला. प्रोफेसरांनी त्याला आपलं पुस्तक सही करून दिलं. प्रश्न मिटला.

आणि दिवाणखान्यात वास येत होता.

वास म्हणजे थोडाथोडका नव्हे. गटाराचा, जुना, घशात बसणारा. तो दोन दिवस येत होता आणि दोन दिवस कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही घरात माणसं ओरडली असती. पण या घराला गाव 'नाकवाले' म्हणत होतं. मोऱ्या, गटारं, पाइप हा तीन पिढ्यांचा धंदा, आणि नाक हे त्यातलं पहिलं हत्यार. नाकवाल्यांच्या घरात वास येतो म्हणणं म्हणजे न्हाव्याच्या डोक्यात उवा आहेत म्हणण्यासारखं. मधल्यांची बायको 'डोकं चढलंय' म्हणून बहिणीकडे निघून गेली. प्रोफेसर अधूनमधून खिशातला रुमाल काढून, न आलेला घाम पुसत होते, आणि तो रुमाल ओठांवर गरजेपेक्षा जास्त वेळ राहत होता.

मामंजींचं शास्त्र एका ओळीचं होतं. रोग म्हणजे वास. जंतू ही डॉक्टरांनी फी वाढवायला काढलेली टूम. गावात पटकीची साथ आली, पटापट माणसं गेली, तेव्हा मामंजी 'उघडी गटारं हाच रोग' असं छातीठोकपणे सांगत फिरले. पालिकेने त्यांना दोनदा हाकलून दिलं. तिसऱ्या वेळी उन्हाळा कडक होता, सभागृहाच्या मागचा नाला सडला आणि सभासदांना बसवेना. ठराव तिथल्या तिथे पास झाला. मामंजींनी गटारं झाकली, घरोघर मोऱ्या बसवल्या, सगळा मैला एका मोठ्या पाइपातून नदीच्या वळणापलीकडे नेऊन सोडला. पुढच्या साली गावात पटकी आली नाही. कारण साफ चुकलेलं आणि काम साफ बरोबर. असं होतं कधीकधी. शहाण्यांना ते आवडत नाही.

वळणापलीकडे खालची वस्ती होती. थोरलीचं माहेर.

तिचा बाप त्याच पाइपाचे सांधे भरायला होता. पाइप सुरू झाला त्या साली तिचा पाठचा भाऊ गेला, शेजारच्या घरातली पोरं गेली. वस्तीतली माणसं मामंजींकडे आली, तेव्हा मामंजी टाळाटाळ न करता स्वतः खाली गेले. काठावर उभे राहिले, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "इथे वास येत नाही. मग रोग कसा असेल?" वाहत्या पाण्याला खरंच वास नव्हता. माणूस खोटं बोलत नव्हता. तोच तर त्रास होता.

त्याच माणसाने पुढे तिला थोरल्या मुलासाठी मागितलं. बघायला आले तेव्हा नाव-गाव काही विचारलं नाही. झाकण घातलेल्या वाट्या पुढे ठेवल्या. तिने एकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ह्यातलं नासलंय." लग्न ठरलं. नाक बघून सून आणणारं हे एकच घर असावं.

"वहिनी, तुमचं काय मत?" प्रोफेसरांनी विचारलं. हा प्रश्न ते शिष्टाचार म्हणून विचारत. उत्तराची वाट बघत नसत.

"दगडाबद्दल की वासाबद्दल?"

मधल्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने मामंजींच्या फोटोवर पाय ठेवला होता.

"कसला वास?" प्रोफेसर म्हणाले.

दारातून मधल्यांची सून आली. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती; नवरा बदलीच्या गावी, ही इथे. तिने पायातले बूट काढले, एक श्वास घेतला आणि सरळ म्हणाली, "बाबा, घरात गटाराचा वास येतोय."

"आला असेल बाहेरून," मधले म्हणाले.

"बाहेर नाहीये."

"बरं. ते राहू दे. तुझा तो कागद आणलास?"

तिने कागद टेबलावर ठेवला. वस्तीच्या नळाला पाणी नदीतूनच जायचं, वळणाच्या खालून उपसलेलं. तिने तीन ठिकाणचं पाणी घेऊन तपासलं होतं. "तिन्हीत मैल्याचे जंतू आहेत. वस्तीत कावीळ पसरलीय ती ह्यानेच. क्लोरिन टाकतात ते पुरत नाही. वरून येणारा मैलाच थांबवायला हवा."

"भयंकर," प्रोफेसर मनापासून म्हणाले.

"वाईट आहे," मधले म्हणाले.

"मी तर पुस्तकात लिहिलंच आहे," प्रोफेसर म्हणाले. "पान आठवत नाही. नानांच्या कामाची ती मर्यादा होती. पण मुद्दा लक्षात घे, बेटा. सार्वजनिक आरोग्याचा सगळा इतिहास असाच आहे. कृती आधी, ज्ञान मागून. लोकांनी हात धुतले, गटारं बांधली, पाणी गाळलं. आणि का ते नंतर कळलं. नाना थांबले असते जंतू सापडेपर्यंत, तर गाव मेलं असतं."

"खरंय, काका."

"म्हणूनच दगडावर 'रोगमुक्त' हवं."

"पण काका, आता तर कळलंय ना? का ते?"

"हो, आता कळलंय."

"मग?"

"मग काय?" प्रोफेसर खरोखर गोंधळले. कळल्यानंतर आणखी काही करायचं असतं हे त्यांच्या पुस्तकात कुठल्याच प्रकरणात नव्हतं. मूर्खाला कळत नाही तेव्हा तो धावतो तरी. शहाण्याला कळलं की तो आधी खुर्ची ओढून बसतो.

थोरलीने गवारीची परात बाजूला ठेवली. "वस्तीतली माझी भाची दवाखान्यात आहे," ती म्हणाली. "कावीळ. पोट सात महिन्यांचं. हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे, पण दगडाच्या गडबडीत राहून जाईल म्हणून सांगते. बाग नको. जागा केंद्राला द्या."

"वहिनी, आम्हाला काय वाईट वाटत नाही का?" मधले म्हणाले. "मी डॉक्टरांशी बोललोय. पण बागेचा ठराव झालाय. नानांचा पुतळा अर्धा ओतून झालाय."

"कुठला अर्धा?"

"वरचा."

"मग नाक झालं असेल. तेवढं पुरे."

सूनबाई हसली आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"केंद्र काय उद्या होणार आहे का?" प्रोफेसर म्हणाले. "तुमच्या भाचीला आज त्याचा काय उपयोग? आपण शांतपणे विचार करू. नगराध्यक्ष येऊन जाऊ देत, मग पर्यायी जागेसाठी समिती..."

एवढ्यात कोपऱ्यातून वासाची अशी एक झुळूक आली की प्रोफेसरांचं 'समिती' तोंडातच राहिलं.

मधले उठले. धंद्याचा माणूस जागा झाला होता. "बस्स," ते म्हणाले. "तासाभरात अध्यक्ष येताहेत. सांधा फुटलाय कुठेतरी. पेपरमिंट काढा."

पेपरमिंटची परीक्षा हा ह्या घराचा मान होता. गच्चीवर गटाराच्या उभ्या पाइपाचं तोंड असतं. त्यात पेपरमिंटचं जालीम तेल ओतायचं, मागून कढत पाणी. खाली खिडक्या-दारं लावून माणसं उभी राहतात. जिथे पेपरमिंटचा वास येईल तिथे पाइप फुटलेला. नियम एकच, आणि तो मामंजींनी पोरांना बाराखडीच्या आधी शिकवला होता. ज्याने तेल ओतलं त्याने घरात पाऊल टाकायचं नाही. त्याच्या हाताला, कपड्यांना वास असतो. तो आत आला की परीक्षा मेली.

मधले कढत पाण्याची बादली घेऊन स्वतः गच्चीवर गेले. प्रोफेसर जिन्याखाली, सूनबाई मागच्या बिनवापराच्या न्हाणीत, थोरली दिवाणखान्यात. घर बंद. सगळे नाक वर करून उभे राहिले, देवळात उभे राहतात तसे.

थोरलीला कुठे काही फुटलेलं नाही हे माहीत होतं.

हे घर म्हणजे मामंजींचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला दाखवायला त्यांनी खोलीखोलीत मोरी बसवली होती, दिवाणखान्यातसुद्धा, झोपायच्या खोल्यांतसुद्धा. प्रत्येक मोरीच्या जाळीखाली पाइपाला वाकण असतं, वाकणात पाणी साचून राहतं, आणि ते पाणी हेच गटाराच्या हवेला लावलेलं कुलूप. वापरातली मोरी आपोआप भरलेली राहते. बिनवापराची सुकते. म्हणून घरातल्या थोरल्या सुनेने रोज सकाळी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी घालायचं. आधी सासूने घातलं. मग हिने. घरात माणसं कमी होत गेली आणि कोरड्या मोऱ्या वाढत गेल्या. हिचे तांबे वाढत गेले. हे काम कोणी काम म्हणून धरत नसे. घड्याळाच्या टिकटिकीकडे कोणी लक्ष देतं का?

भाचीला दवाखान्यात नेलं त्या सकाळी ती घाईत विसरली. दुसऱ्या सकाळी तिला आठवलं, आणि तिने पाणी घातलं नाही. बेत असा काही नव्हता. तांब्या भरलेला होता, हात गेला नाही. तिसऱ्या सकाळपासून आठ-दहा दिवस तांब्याही भरला नाही. उन्हाळ्याचे दिवस. उरलेलं काम उन्हाने केलं.

आणि नाकवाले सांधा शोधत होते. गच्चीपासून अंगणापर्यंत सगळं तपासतील, पण ह्या घरातली मोरी सुकेल हे त्यांच्या डोक्यात येणार नव्हतं. ती सुकतच नाही. ती कशाने सुकत नाही हे कधी विचारलेलं नव्हतं.

"आला!" जिन्याखालून प्रोफेसर ओरडले. "पेपरमिंट! इथे!"

"इथेपण," न्हाणीतून सूनबाईचा आवाज.

तेवढ्यात दिवाणखान्यातला कोपराही पेपरमिंटने घमघमला. अर्थातच. सगळीच कुलपं उघडी, तर सगळीकडूनच येणार.

"कुठे? कुठे आला?" जिन्यावरून धाडधाड पावलं आली, दार उघडलं आणि मधले दिवाणखान्यात उभे राहिले. बाहीवर तेल, हातात बाटली, बोटांवरून थेंब.



मधल्यांनी आपल्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. साठी उलटलेला माणूस. गावातली अर्धी गटारं ह्याच्या हाताखालून गेलेली. बाराखडीच्या आधीचा धडा चुकला होता.

"दादा," प्रोफेसर म्हणाले, "तू आत आलास."

"दिसतंय मला."

"आता कळणार कसं?"

"नाही कळणार. गप्प बस."

आता घरात दोन वास होते आणि ते एकमेकांत मिसळून तिसरा तयार झाला होता. त्याला नाव नाही.

थोरली मागच्या न्हाणीकडे गेली, तेव्हा सूनबाई जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. जाळी उचललेली, हातात टॉर्च. तिने मान वर केली.

"काकू, वाकणात पाणी नाहीये."

"हो का?"

"एक थेंब नाही. वरची न्हाणीपण बघितली. तीपण कोरडी." टॉर्च तिने बंद केला. "तुम्ही घालत होतात ना रोज?"

"घालत होते."

तिला जे समजायचं ते समजलं. हुशार पोर. "सांगू का बाबांना?"

"सांग की. खरं आहे ते."

"सांगितलं तर लगेच पाणी घालतील. वास जाईल." ती उठली, हात झटकले. "काकू, वासाने कावीळ होत नाही. हे तुम्हाला माहीत आहे ना? ह्या वासाने कोणाला काहीही होणार नाही. नुसता वास आहे."

"मग कोणाला काही होणार नसेल तर येऊ दे."

"हे बरोबर नाही पण."

"नाही," थोरली म्हणाली. "बरोबर काय ते तू टेबलावर ठेवलंस. त्यावर त्यांनी चष्म्याचं घर ठेवलंय."

बाहेर गाडीचं दार वाजलं. सूनबाईने जाळी परत जागेवर बसवली आणि पाणी घातलं नाही.

नगराध्यक्ष गोल, हसतमुख, आणि घाईत होते. दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि हसू तसंच राहिलं, हसण्यामागचा माणूस तेवढा निघून गेला. "वा," ते म्हणाले. मग शोधून म्हणाले, "काही... काम चाललंय का?"

"किरकोळ," मधले म्हणाले.

"पेपरमिंटचं?"

"बसा ना साहेब," प्रोफेसर म्हणाले. "खिडकीपाशी बसा. नाही, त्या खुर्चीत नको, तिथे... मोरी आहे."

अध्यक्ष बसले. तोंडाने श्वास घेत होते, त्यामुळे त्यांचे सगळे शब्द सर्दी झाल्यासारखे येत होते. "नानांसारखा माणूस होणे नाही. आमच्या घरात आजी सांगायची, नाकवाले आले आणि गावातला वास गेला." ते थांबले. आजी काय म्हणायची ते ह्या खोलीत म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं. "कुठे सही करायची?"

मधल्यांनी कागद पुढे केला. प्रोफेसरांनी सही केली. मधल्यांनी पेन उचललं, आणि ठेवलं.

"काय झालं?"

"थांब जरा. माझ्या घरात कुठे फुटलंय ते मला सापडत नाहीये. मी काय सह्या करू?"

"फुटलेलं नाही, भाऊजी," थोरली म्हणाली. "कुठेच काही फुटलेलं नाही. मोऱ्या सुकल्यात. मी पाणी घातलं नाही."

मधले तिच्याकडे बघत राहिले. मग कोपऱ्यातल्या जाळीकडे. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. डॉक्टरला स्वतःच्याच घरातला ताप कळू नये, तसा होता.

"मुद्दाम?" प्रोफेसरांचा आवाज चढला. "आज? पाहुण्यांसमोर? वहिनी, हे घराचं नाक कापणं आहे!"

"कापलं तर बरंच, त्रास कमी होईल."

"हा अडवणुकीचा प्रकार आहे!"

"तुम्हीच म्हणालात ना, भाऊजी, कृती आधी, ज्ञान मागून? मामंजींना काही कळत नव्हतं. वासाने माणूस मरतो असं म्हणायचे. पण सभागृहात वास शिरला आणि त्या दिवशी ठराव झाला. आता ज्ञान येऊन बसलंय, ते बघा, चष्म्याच्या घराखाली. मग कृती कुठाय? ती का नाही येत? कारण मैला खाली जातो. त्याचा वास तुमच्यापर्यंत येत नाही. म्हटलं, एक दिवस येऊ दे."

"इतिहासाचं असं सरसकट..."

"तू गप्प रे," मधले एकदम म्हणाले. "घरात मोरी सुकली आणि आपल्याला कळलं नाही. दोघांना मिळून. मी तेल ओतून आत आलो. आणि आपण दगडावर काय कोरणार आहोत? 'जनक'?" त्यांनी पेन टेबलावरून ढकललं. "मी वहिनीबरोबर आहे. बाग नको."

प्रोफेसरांनी मदतीसाठी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांचं लक्ष नव्हतं. ते सूनबाईकडे वळले होते. "ताई, तुम्ही त्या लॅबमध्ये ना? एक विचारू? इथे एवढा वेळ बसून... मला काही होणार नाही ना?"

थोरलीने श्वास रोखला. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच मामंजींचं शास्त्र तिच्या उपयोगाचं होतं. एक शब्द पुरला असता. 'सांगता येत नाही.' एवढंच.

"काही होणार नाही," सूनबाई म्हणाली. "वासाने रोग होत नाही, साहेब. पाण्यातून होतो. हा कागद बघा, वस्तीच्या नळाचा."

थोरलीने डोळे मिटले. पोरगी खरं बोलली. ह्या घरात ही सवय कुठून लावून घेतली कोण जाणे.

अध्यक्षांनी कागदाकडे पाहिलं नाही. त्यांनी एकदा नाकाने श्वास घेऊन बघितला, लगेच पस्तावले. "ते पुस्तकात ठीक आहे, ताई. पण वास तो वास. माझी आजी वेडी नव्हती." ते उठले. "आपण असं करू. बाग पुढे बघू. तूर्त हा वास कायमचा बंद करायचा. काय लागेल ते करू. मुख्य पाइप मोठा टाकू, आणि वळणावर कशाला, आणखी दोन मैल पुढे नेऊन सोडू. म्हणजे ना तुम्हाला वास, ना वस्तीला."

"उत्तम!" प्रोफेसर म्हणाले.

मधल्यांनीही मान हलवली. दोन मैल पाइप. हात शिवशिवले असणार.

आणि थोरलीच्या आता लक्षात आलं. तिने वास वर आणला होता, म्हणून ते वासच दूर नेणार होते. तीही शेवटी नाकवाल्यांचीच सून. तिनेही नाकानेच विचार केला होता.

"दोन मैल पुढे कोण राहतं?" तिने विचारलं.

"तिथे? तिथे कोणी नाही."

"आम्हीपण कोणी नव्हतो," ती म्हणाली.

वासाने तेवढ्यात आणखी एक फेरी मारली. अध्यक्ष दाराकडे सरकले.

"बसा, साहेब. माझी सही हवीय ना? देते. जागा देते, पूर्ण देते. पण कागद वेगळा." ती सूनबाईकडे वळली. "तू लिही. तुझ्या भाषेत. त्यात वास हा शब्द नको. कुठे सोडायचं हे पण नको. पाण्यात काय असता कामा नये ते लिही."

"आत्ता?"

"आत्ता. साहेबांना श्वास पुरेल तोवर."

सूनबाईने टेबलावरच लिहायला घेतलं. जागा फक्त मैलापाणी शुद्धीकरण केंद्रासाठी. नदीत जे सोडायचं ते तपासूनच सोडायचं, आणि त्यात अमुक जंतू अमुक मापाच्या वर नकोत. वस्तीच्या नळाचं पाणी प्रयोगशाळा तपासणार. सलग वर्षभर स्वच्छ आल्याशिवाय तिथे दगड, पुतळा, कारंजं काहीही होणार नाही. ती दोनदा थांबली, एक आकडा खोडून नीट घातला. अध्यक्ष खिडकीबाहेर डोकं काढून उभे होते. प्रोफेसर खांद्यावरून वाचत होते आणि एकदा "'सलग' हा शब्द चांगला आहे" म्हणाले.

मधल्यांनी पहिली सही केली. थोरलीने दुसरी. कागद अध्यक्षांपुढे आला.

"हे मापबीप काय आहे?" त्यांनी पहिली ओळ वाचायला घेतली. शब्द लांब होते आणि वाचायला श्वास लागतो. त्यांनी घेतला. डोळ्यांत पाणी आलं. पुढचं न वाचता त्यांनी सही ठोकली, 'नमस्कार' म्हणाले ते दाराबाहेर गेल्यावर, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज त्याच्याही आधी आला असावा.

उरले प्रोफेसर. ते पेन बोटांत फिरवत होते. "माझी सही तर जुन्या कागदावर झालीय."

"नवीन करा," मधले म्हणाले.

"पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत हे घालावं लागेल." त्यांनी सही केली, नेहमीसारखी खाली रेघ ओढून. मग तोंड जरा उजळलं. "पण बघा वहिनी, माझंच खरं ठरलं. अध्यक्षांना एक अक्षर कळलं नाही, तरी काम झालं."

"काम झालेलं नाही, भाऊजी," थोरली म्हणाली. "सही झालीय. आणि पाण्यात काय आहे ते कळलेलं माणूस लिहायला बसलं नसतं, तर दोन मैल पाइप झाला असता."

मधले वरच्या खोलीत निघून गेले. थोड्या वेळाने तिकडून बादलीचा, मग पाणी ओतल्याचा आवाज आला. एका मोरीत. मग दुसरीत. साठ वर्षांत ह्या घरात पुरुषाच्या हाताने हे पहिल्यांदाच होत होतं, आणि तो बादलीने घालत होता. तांब्याभर पुरतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

थोरलीने डबा भरला. दवाखान्याची वेळ होत आली होती. सूनबाई नमुन्याच्या बाटल्या पिशवीत टाकून दारात उभी होती. "मीपण येते. वस्तीत जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगायचंय. केंद्र होईतो तेवढं तरी."

"ऐकतील?"

"काही ऐकतील."

दोघी फाटकापर्यंत आल्या. अंगाला पेपरमिंट होता, बाहेरच्या हवेत तो जास्तच जाणवत होता. थोरली थांबली. दिवसभर जे कोणाला विचारलं नव्हतं ते तिने विचारलं, रस्त्याकडे बघत.

"वाचेल ना गं ती? दोघं?"

सूनबाईने पिशवीतल्या बाटल्या नीट लावल्या. अध्यक्षांना दिलं तसं खरं उत्तर ह्यांना द्यायचं म्हणजे वेगळं होतं.

"मला माहीत नाही, काकू. गरोदरपणात ही कावीळ वाईट असते. आज रक्त तपासलंय. पण खरंच माहीत नाही."

थोरलीने मान हलवली. डबा ह्या हातातून त्या हातात घेतला.

"बरं," ती म्हणाली. "चल लवकर. तिला भूक लागली असेल."